तात्पुरत्या बाईंचा पडदा

माझं वय मला विचारू नका, माझ्या चाकांना विचारा. ती कुरकुरतील, पण खरं सांगतील. मित्रांनो, मी रुग्णालयातला एक घडीचा पडदा आहे. नाटकातला नव्हे. नाटकातला पडदा हलला की टाळ्या पडतात, मी हललो की माणसं गप्प व्हायची. लाकडाच्या तीन चौकटी, त्या जोडणाऱ्या बिजागऱ्या, खाली चाकं आणि चौकटींत ताणून बसवलेलं हिरवं कापड, एवढाच माझा संसार. सध्या मी जुन्या व्याख्यानगृहामागच्या अडगळीच्या खोलीत मोडक्या खाटांना टेकून उभा आहे. माझ्या मधल्या चौकटीत एका पालीने बिऱ्हाड केलं आहे. भाडं देत नाही, पण कापडाला कसर लागू देत नाही, म्हणून मी काही बोलत नाही.

आम्हा पडद्यांचा एक धर्म असतो. आडोशातलं बाहेर सांगायचं नाही. तो मी जन्मभर पाळला. पण आज ज्यांच्याबद्दल बोलणार आहे त्या बाई आता नाहीत, साहेबही नाहीत आणि गोष्ट काही झाकून ठेवण्यासारखी नाही. उलट, ती न सांगता मी एखाद्या दिवशी बंबात सरपण म्हणून गेलो तर माझ्याच जिवाला चुटपुट लागेल. तेव्हा जरा जवळ या आणि ऐका.

माझा जन्म एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या सुतारखोलीत झाला. एकाच आवारात एका बाजूला कॉलेज, दुसऱ्या बाजूला रुग्णालय. सकाळी मुलं ज्या आजाराचं नाव फळ्यावर वाचायची, दुपारी त्याच आजाराचा माणूस खाटेवर बघायची. मला घडवणारा सुतार तोंडाने फटकळ आणि हाताने गुणी होता. माझं एक चाक तिरकं बसलं ते त्याला कुणीतरी दाखवलं, तर म्हणाला, "याला काय शर्यतीत पळायचंय? राहू द्या." तेव्हापासून मी चाललो की कुई कुई आवाज येतो. तेल घातलं की दोन दिवस गप्प बसतो, मग पुन्हा सुरू.

त्या काळी रुग्णालयाचा सगळा कारभार अधीक्षकांकडे असे. आजारी माणूस डॉक्टर बरा करतात हे खरं, पण त्याच्या अंगाखाली धुतलेली चादर हवी, शेगडीत कोळसा हवा, नळाला पाणी हवं आणि स्वयंपाकघरात वेळेवर पेज शिजायला हवी. हे सगळं ज्याच्या डोक्यावर, तो अधीक्षक. आमच्या अधीक्षकांना सगळे नुसते 'साहेब' म्हणायचे. साहेब सरळ माणूस, शिस्तीचे आणि काटकसरी. पेन्सिलीचं थोटूक दाखवल्याशिवाय नवी पेन्सिल देत नसत.

माझ्याबद्दलचा नियम साहेबांनीच केला होता. एका वॉर्डाला एकच पडदा. ज्या रुग्णाची घटका भरत आली असेल, त्याच्याच खाटेभोवती तो लावायचा. शेजारच्यांनी ते पाहू नये, इतकाच हेतू. हेतूत काही खोट नव्हती. पण मित्रांनो, झालं भलतंच. कोपऱ्यातून माझं चाक वाजलं की सगळा वॉर्ड श्वास रोखून बघायचा, आज कुणाची पाळी. रुग्णांनी माझं नाव ठेवलं 'बोलावणं'. "काल त्या कडेच्या खाटेला बोलावणं आलं," असं ते एकमेकांना हळूच सांगायचे. मी कुणाचं काही वाईट केलं नव्हतं, तरी लोक माझ्याकडे पाठ करून झोपायचे. फार वाईट वाटायचं मला.

साहेबांच्या कचेरीत दाराजवळ टाईपरायटरवर एक बाई बसायच्या. ऐन उमेदीत नवरा गेला, मूल नाही, घरात त्या आणि त्यांच्या सासूबाई, अशा दोघीच. बाई ठेंगण्या, बोलायला मोजक्या, पण कान तिखट. साहेब सांगतील ते टाईप करता करता त्यांनी सगळा कारभार ऐकून ऐकून शिकून घेतला होता, आणि हे कुणाच्या गावीही नव्हतं.

मग युद्ध सुरू झालं. खिडक्यांच्या काचांवर काळे कागद लागले. तरुण डॉक्टर, औषधं देणारे, गाड्या चालवणारे, एकेक करून सगळे आघाडीवर गेले. एके दिवशी साहेबांनाही तिकडच्या तंबूतल्या रुग्णालयाचा कारभार बघायला बोलावलं. आमचे प्राचार्य मोठे शल्यविशारद. हातात चाकू असला की अगदी शांत, हातात कागद आला की चिडायचे. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, तर कारभार बघायला पुरुषमाणूस एकही शिल्लक नाही. शेवटी बाईंना बोलावून म्हणाले, "साहेब परत येईपर्यंत तुम्ही बघा. तात्पुरतं हं."

हुकुमातही तोच शब्द आला, 'तात्पुरत्या अधीक्षिका'. झालं. त्या दिवसापासून सगळं रुग्णालय त्यांना 'तात्पुरत्या बाई' म्हणायला लागलं. कुणी प्रेमाने, कुणी खवचटपणे. बाई दोघांनाही ओ द्यायच्या.

बाईंनी पहिलं काम काय केलं असेल, तर कचेरीतलं टेबल उचलून बाहेर आणलं. वॉर्ड आणि व्याख्यानगृह यांच्यामधल्या बोळात, जिथून सगळ्यांना जावंच लागतं तिथे ते मांडलं. जखमी इतके यायला लागले होते की अर्ध्या व्याख्यानगृहात खाटा टाकाव्या लागल्या. एका अर्ध्यात धडा चालू, दुसऱ्या अर्ध्यात माणसं कण्हतायत. मुलं धडा सोडून स्ट्रेचर उचलायची आणि पुन्हा येऊन पुढचा धडा ऐकायची. चार वर्षांचं शिक्षण घाईघाईत उरकायचं चाललं होतं. बाईंनी धुलाईचा बंब दिवसातून दोनदा पेटवायला लावला, म्हणजे आहेत त्याच चादरी दुप्पट झाल्या. हल्ल्याचा भोंगा वाजला की कोण कुठल्या खाटेला हात लावणार आणि तळघरात कोण आधी जाणार, हे त्यांनी मावशींपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांकडून घोटून घेतलं. "बाई, साबण संपला," "बाई, पाण्याची टाकी गळतेय," "बाई, ही गाडी जखमींची की कोळशाची?" असा दिवसभर त्यांच्या टेबलाशी बाजार भरायचा.

एकदा माझं कापड फाटलं म्हणून मला शिवणखोलीत नेलं होतं. बाईंच्या सासूबाई रोज दुपारी तिथे पट्ट्या शिवायला यायच्या आणि येताना सुनेचा डबा आणायच्या. त्या दिवशी बाई डबा खायला आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या.

"काय म्हणते खुर्ची?" सासूबाईंनी दाताने दोरा तोडत विचारलं.

"खुर्ची साहेबांची आहे, आई. मी नुसती उबवतेय."

"उबवणारीचंच पिल्लू असतं."

"ते कावळीला जाऊन सांगा."

सासूबाई हसल्या. बाईही हसल्या, पण घास हातातच राहिला. "आई, एक सांगू? साहेब सुखरूप परत यावेत असं मी रोज म्हणते, अगदी मनापासून. आणि तेच म्हणताना भीतीही वाटते. ते आले की मी पुन्हा दाराजवळ टाईपरायटरवर. मला हे काम आवडायला लागलंय हो. माझं वाटायला लागलंय."

सासूबाईंनी सुई बाजूला ठेवली आणि त्या म्हणाल्या, "दोन्ही वाटू दे. माणसाच्या पोटात मावतं दोन्ही. जेव आधी."

तेव्हा मला कळलं की ही बाई एका जागेसाठी किती आसुसलेली आहे आणि ती जागा तिची होणं किती कठीण आहे.

आता मी एक वाईट गोष्ट सांगणार आहे. आमच्या वॉर्डात एक पाववाला होता. त्याच्या भट्टीची भिंत विमानांच्या हल्ल्यात कोसळून मांडी फाटली होती, पण आता तो सुधारत होता. गमत्या माणूस, सगळ्यांना हसवायचा. जखम जरा अवघड जागी होती. त्या आठवड्यात एक नवी विद्यार्थिनी मलमपट्टी करायला आली. तिला वाटलं, माणसाला लाज वाटू नये, आडोसा करावा. आमच्या वॉर्डाची रीत तिला ठाऊक नव्हती. तिने मला ओढत आणून पाववाल्याच्या खाटेभोवती लावलं.

पाववाला एकदम गप्प झाला. त्याने काही विचारलं नाही. तिनेही काही सांगितलं नाही, बिचारी खाली मान घालून पट्टी बांधत होती. ती गेल्यावर त्याने शेजारच्याला हाक मारली आणि आपले बूट देऊन टाकले. बायकोला बोलावून धाकट्या मुलीला भट्टीजवळ येऊ देऊ नकोस, असं बजावलं. मग भिंतीकडे तोंड केलं. त्याने जेवण टाकलं. सगळ्यांनी समजावलं, त्या मुलीने तर हातापाया पडून सांगितलं, पण वॉर्डात बोलावणं आल्यावर परत गेलेलं त्याने कधी पाहिलंच नव्हतं. आठवड्याच्या आत तो गेला. डॉक्टर म्हणाले, जखम चिघळली. असेलही. मी काही डॉक्टर नाही. पण मी आलो त्या सकाळी त्याने न्याहारी दोनदा मागून घेतली होती, एवढं मला माहीत आहे.

ती विद्यार्थिनी बोळात उभी राहून रडत होती. बाईंनी तिला टेबलाशी बसवलं, पाणी दिलं आणि काय झालं ते सगळं ऐकून घेतलं. मग उठून वॉर्डात माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तुझा दोष नाही रे बाबा. तू एकटा आहेस ना, तोच घोटाळा आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुताराला बोलावलं आणि प्रत्येक खाटेला एक, असे पडदे करायला सांगितले. सुतार म्हणाला, "लाकूड काय माझ्या डोक्यातून काढू? युद्ध चाललंय." बाईंनी व्याख्यानगृहाकडे बोट दाखवलं. तिथले जुने लांबलचक बाक, पिढ्यान् पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी ज्यांच्यावर आपली नावं कोरली होती, ते एकेक करून सुतारखोलीत जायला लागले.

प्राचार्य तणतणत बोळात आले. "बाई, मुलं काय उभ्याने शिकणार?"

"उभी राहिली म्हणजे निदान झोपणार नाहीत, सर. रात्रपाळ्या करून येतात, बसली की पेंगतात."

प्राचार्यांना हसू आलं होतं, पण ते त्यांनी दाबलं. "साहेब आले की या बाकांचा जाब तुम्हाला विचारतील. त्यांचा नियम मोडलात, कॉलेजचं सामान तोडलंत. खुर्ची तर जाईलच, वर बोलणी बसतील. मी मध्ये पडणार नाही, सांगून ठेवतो."

"चालेल," बाई म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण हुकूम काही त्यांनी मागे घेतला नाही.

असे मला भाऊ झाले, वॉर्डभर. बाईंनी नवा नियम केला. रोज सकाळी पट्ट्या बदलताना आणि अंग पुसताना प्रत्येक खाटेला पडदा लागणार, जगणाऱ्याला आणि मरणाऱ्याला सारखाच. आणि लावण्याआधी रुग्णाला सांगायचं की आता आम्ही काय करणार आहोत. त्याला शुद्ध नसली तरी सांगायचं. थोरल्या सिस्टर कुरकुरल्या, "आधीच हात कमी, त्यात ही भाषणं." पण हळूहळू सवय झाली. मी आलो की रुग्ण म्हणायला लागले, "ये बाबा, आज उशीर केलास." कुणी माझ्या आड पत्त्यांचे डाव लपवले. एक म्हातारा रोज सिस्टरना सांगून मला थोडा जास्त वेळ मागून घ्यायचा. त्याला फक्त रडायचं असायचं. 'बोलावणं' हे नाव लोक विसरले. ते माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस.

आणि मग साहेब आले.

आले ते स्ट्रेचरवरून. जखमींनी भरलेल्या गाडीतून त्यांना उतरवलं तेव्हा कुणी ओळखलंही नाही, इतके ते वाळले होते. पायाचा चेंदा झालेला, अंगात ताप. बाईंनी ओळखलं आणि त्या टेबलाला धरून उभ्या राहिल्या. प्राचार्यांनी तातडीने शस्त्रक्रिया करून पाय वाचवला. सकाळपर्यंत तापही उतरला होता. प्राचार्य बाईंना म्हणाले, "धोका टळला. घोड्यासारखी तब्येत आहे त्यांची." बाईंनी हात जोडले आणि त्या खालच्या धुलाईच्या बंबाकडे निघून गेल्या. त्या कशासाठी गेल्या ते मी सांगणार नाही. बंबाच्या धुरात डोळे लाल झाले तर कुणी विचारत नाही, एवढंच म्हणतो.

पट्ट्यांची वेळ झाली. साहेबांच्या खाटेकडे मावशींनी मलाच ढकलत नेलं. बरोबर एक सिस्टर पट्ट्यांचं तबक घेऊन होती. साहेब जागे होते. नियमाप्रमाणे सिस्टर बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात मावशी तिच्या कानात पुटपुटल्या, "अहो, साहेबांना काय सांगायचं? सगळे नियम त्यांनीच तर केलेत." सिस्टरलाही ते पटलं. एके काळी साहेबांसमोर तिची बोबडी वळायची. त्यांना आता शहाणपण कसं शिकवायचं? दोघी काही न बोलता मला लावायला लागल्या.

मित्रांनो, साहेबांनी माझं चाक ओळखलं. मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्यांना नवा नियम कुठून माहीत असणार? त्यांना त्यांचाच नियम माहीत होता. मी आजवर खूप चेहरे पाहिले, पण त्या चेहऱ्यावरची भीती मी विसरू शकत नाही. मोठा माणूस, पण चादरीची कड दोन्ही मुठींत घट्ट धरली होती.

"पट्टी राहू द्या आता," ते हळू आवाजात म्हणाले. "माझ्या कचेरीतल्या बाई जवळपास आहेत ना? त्यांना बोलवा." सिस्टरला वाटलं, साहेबांना कामाचं काही बोलायचं असेल. तिने मावशींना पाठवलं, त्यांनी बाईंना बोलावून आणलं आणि दोघी बाहेर थांबल्या.

बाई आत आल्या. साहेब म्हणाले, "बसा बाई. वेळ थोडा आहे म्हणून सरळ बोलतो. गाडीतून आणताना स्ट्रेचरवाल्या पोरांनी, मी कोण ते न ओळखताच, मला सगळं सांगितलं. चादरी, तळघर, पाणी. तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं चालवलंत. मी धडधाकट परत आलो असतो तर हे कबूल केलं नसतं आणि खुर्चीही सोडली नसती, हेही खरं सांगतो. प्राचार्यांना बोलवा. त्यांच्यासमोर सांगून टाकतो, माझ्या जागी तुम्हालाच कायम करा. मरणाऱ्याचा शब्द कुणी मोडत नाही."

बाईंच्या लक्षात सगळं आलं. प्राचार्य दोन खाटांपलीकडेच होते. त्यांचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. बाईंनी नुसती हाक मारायची होती. खोटं बोलायचं नव्हतं, काही करायचं नव्हतं. थोडा वेळ गप्प बसलं की काम झालं होतं. मी लाकडाचा असून माझा जीव टांगणीला लागला.

"साहेब," बाई म्हणाल्या, "तुम्ही मरत नाही आहात. पट्टी बदलायची आहे."

"मला फसवू नका, बाई. या पडद्याचा नियम माझा आहे."

"तो मी बदलला."

साहेबांनी डोळे मिटले. त्यांचा विश्वास बसला नव्हता. मग बाईंनी माझी एक चौकट धरली आणि सरकवली. "बघा."

साहेबांनी बघितलं. वॉर्डभर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, खाटेखाटेला पडदे. एकाआडून कुणी बेसूर गात होतं. दुसऱ्याआडून कुणी पाणी थंड आहे म्हणून भांडत होतं.

"एवढे सगळे एकदम मरत नाहीत, साहेब," बाई म्हणाल्या.

साहेबांच्या मुठींतली चादर हळूहळू सुटली. मग त्यांच्या कपाळावर आठी आली. "एवढं लाकूड कुठून आणलंत?"

"व्याख्यानगृहातल्या बाकांचं."

"कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही."

साहेब जिवंत आहेत याची मला तेव्हा खात्री पटली. प्राचार्यांना बोलवा असं ते पुन्हा म्हणाले नाहीत. बाईंनी सिस्टरला आत पाठवलं आणि त्या आपल्या टेबलाशी जाऊन बसल्या.

सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. शिवणखोलीत त्यांचा सुनेशी वाद झाला. "अगं, त्याला बोलून तर द्यायचं होतंस. नंतर सांगितलं असतंस, तर काय बिघडलं असतं?" बाई पट्ट्यांच्या गुंडाळ्या करत राहिल्या.

युद्ध संपलं. काचांवरचे काळे कागद निघाले. साहेब कुबडी घेऊन चालायला लागले आणि नियमाप्रमाणे त्यांची खुर्ची त्यांना परत मिळाली. बाई पुन्हा दाराजवळच्या टाईपरायटरवर. बोळातलं टेबलही आत गेलं. लोकांना वाईट वाटलं, पण दोन दिवस. मग ज्याला त्याला आपापलं काम. काही दिवसांनी साहेबांनी हुकूम काढला, व्याख्यानगृहाचे बाक पूर्ववत करावेत. लाकूड अर्थातच आमचं. आम्हा सगळ्यांना बोळात ओळीने उभं केलं आणि सुतार करवत घेऊन आला.

बाई कचेरीतून बाहेर आल्या. हुकूम त्यांनीच टाईप केला होता. साहेब कुबडीवर रेलून उभे होते.

"साहेब, खुर्ची तुमची होती, तुम्हाला मिळाली. मी त्याबद्दल कधी एक अक्षर बोलले नाही. पण पडदे मोडू नका."

"मुलं उभी आहेत, बाई. युद्ध संपलं. हे कॉलेज आहे."

"लाकूड आता मिळतंय. बाक नवे करता येतील."

साहेबांनी सुताराला जरा थांबायला सांगितलं. तो माझ्याजवळच करवत टेकून उभा राहिला. साहेब खाली बघत म्हणाले, "त्या सकाळी तुम्ही थोडा वेळ गप्प बसला असतात, तर आज हुकूम तुमचा असता. हे तुमच्या लक्षात आलं होतं?"

"आलं होतं."

"मग का बोललात?"

बाईंना उत्तर शोधावं लागलं नाही. "तुम्ही घाबरला होता, साहेब."

सुताराने करवत उचलून काखेत मारली. साहेब माझ्याकडे वळले आणि माझ्या कापडावर हात ठेवून उभे राहिले. "नियम केला तेव्हा मला वाटलं, शेजारच्याला दिसू नये," ते म्हणाले. "आतल्याला काय दिसतं ते मी कधी आत जाऊन पाहिलं नव्हतं." मग सुताराला म्हणाले, "जा तू. पडदे राहतील." आणि जाता जाता, बाईंकडे न बघता, "दुसरी एक गोष्ट बोलायची आहे, पण ती मला अजून जमत नाही."

"मी विचारलं नाही," बाई म्हणाल्या आणि टाईपरायटरवर जाऊन बसल्या.

ती दुसरी गोष्ट जमायला साहेबांना बरीच वर्षं लागली. तोवर बाईंचे केस पांढरे व्हायला लागले होते. सासूबाई गेल्या, आमच्याच वॉर्डात गेल्या, सुनेला खुर्चीवर बसलेलं न पाहताच. याचं मला अजून दुःख आहे. साहेबांच्या निरोपाचा समारंभ व्याख्यानगृहात झाला. मंचामागे आडोसा म्हणून आम्हाला तिथे नेऊन उभं केलं होतं, त्यामुळे मला सगळं ऐकता आलं. साहेब उठले आणि म्हणाले, "एक वाक्य मी मागे एकदा मरताना बोलणार होतो. या बाईंनी बोलू दिलं नाही. बरं झालं, कारण मरताना उदार व्हायला काही लागत नाही. आज मी ठणठणीत आहे आणि ही खुर्ची अजून मला हवीहवीशी वाटते. म्हणून आज बोलतो. ही यांची आहे. युद्धापासून यांचीच होती. मी मध्ये बसून राहिलो."

बाई अधीक्षिका झाल्या, कायमच्या. त्यांनी टेबल पुन्हा बोळात आणलं आणि निवृत्त होईपर्यंत तिथूनच रुग्णालय चालवलं. त्यांच्या हाताखाली कितीतरी नवे डॉक्टर, सिस्टर, मावशी तयार झाल्या. त्या सगळ्यांना बाई पहिल्या दिवशी वॉर्डात न्यायच्या, एका रिकाम्या खाटेवर निजवायच्या आणि काही न सांगता भोवती पडदा लावून बाहेर उभ्या राहायच्या. जरा वेळाने आत डोकावून विचारायच्या, "काय वाटलं?" बस्स, एवढंच शिकवायच्या.

आता छतापासून लोंबणारे नवे पडदे आले आहेत. सर्रकन एका हाताने बंद होतात, कुणाला काही ढकलत आणावं लागत नाही. चांगलेच आहेत ते, मी त्यांचा दुस्वास करत नाही. मला झाडा, पुसा, रंग द्या असंही मी म्हणत नाही, माझे दिवस सरले. पण मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या डॉक्टर होईल, कुणी सिस्टर, कुणी आजीच्या नाहीतर बाबांच्या उशाशी बसेल. तेव्हा तुमच्या हातात असा पडदा येईल. बाहेरच्याला वाटतं, आपण नुसतं कापड ओढतोय. आतला माणूस काय समजून बसलाय ते बाहेरून दिसत नाही. म्हणून आधी त्याच्याकडे बघा आणि काय करणार आहात ते त्याला सांगा. तो लहान असला तर सांगा, झोपलेला असला तरी सांगा. आणि तो तुमचा साहेब असला, मास्तर असला, सगळं ज्याला ठाऊक आहे असा मोठा माणूस असला, तर त्याला सगळ्यात आधी सांगा. कारण त्याला सांगायचं सगळे विसरतात.